साफसूफ केलेला डेलिया

आमच्या ह्यांना डाग सहन होत नाही. कपड्यावरचा, भिंतीवरचा, चमच्यावरचा, शेजाऱ्यांच्या खिडकीवरचासुद्धा. हा स्वभावदोष आहे असं मी लग्नानंतर पहिली दहा वर्षं म्हणत होते. मग तो त्यांचा धंदाच आहे हे लक्षात आलं आणि गप्प बसले. पस्तीस वर्षं त्यांनी छापखान्यात फिल्म साफ केल्या. म्हणजे काचेच्या टेबलाखाली दिवा, वर फिल्म, आणि धुळीमुळे तिच्यावर पडलेली टाचणीच्या टोकाएवढी भोकं शोधून ती बारीक ब्रशने रंग लावून बुजवायची. एखादं राहिलं तर छापलेल्या पानावर तिथे ठिपका उमटतो. ह्यांच्या हातून गेलेल्या पानावर पस्तीस वर्षांत एकही ठिपका उमटला नाही, असं त्यांचे साहेब निरोपाच्या भाषणात म्हणाले. मीही टाळ्या वाजवल्या. अशा माणसाबरोबर घरात राहायचं कसं, यावर मात्र कोणी भाषण केलं नाही.

निवृत्त झाल्यावर दोन महिने त्यांनी घरातले डाग काढले. फरशा झाल्या, नळ झाले, पंख्याची पाती झाली. मग एक दिवस ते माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघायला लागले, तेव्हा मी घाबरून लेकीला फोन केला. लेक शहाणी. तिने बाबांना एक कॅमेरा आणि त्याला लावायची जाडजूड लेन्स पाठवून दिली. तिच्यातून म्हणे मुंगीच्या मिशासुद्धा मोजता येतात. "बाबा, आईच्या बागेतल्या फुलांचे जवळून फोटो काढा, वेळ छान जाईल," असं तिने सांगितलं. वेळ गेला खरा. त्यांचा गेला आणि माझाही गेला.

बाग म्हणजे घरामागची बारा पावलं लांब, पाच पावलं रुंद जागा आणि शेवटी विटांची ठेंगणी भिंत. त्यात मी डेलिया लावते. दुसरं काही लावत नाही, कारण डेलियाचंच पुरं होत नाही. डेलियाचा कंद लावला तर गेल्या वर्षीचंच फूल येतं, पण बी पेरलं तर काय निघेल ते कोणी सांगू शकत नाही. पिवळ्याच्या बियांतून जांभळं निघतं, भरगच्च फुलाच्या बियांतून चार पाकळ्यांचं मरतुकडं निघतं, आणि शंभरातली नव्वद रोपं उपटून टाकायच्याच लायकीची असतात. मी सात वर्षं पेरते आहे आणि उपटते आहे. ह्यांना त्या सात वर्षांत बागेबद्दल एवढंच माहीत होतं, की मागच्या दारात चिखलाच्या चपला असतात आणि त्यांचे ठसे फरशीवर उमटतात.

कॅमेरा आला आणि हे पहिल्यांदा बागेत उतरले. एका फुलापुढे दीड तास. गुडघ्याखाली उशी, तीही माझी. फुलामागे काळा पुठ्ठा, बाजूला उजेड पाडायला थर्मोकोलचा तुकडा, देठ हलू नये म्हणून काठी आणि कपडे वाळत घालायचे चिमटे.

"वारा येतोय," ते माझ्याकडे बघून म्हणाले. जसा काही मीच सोडला होता. "अगं, जरा चादर धरून उभी राहा ना."

मी चादर धरून उभी राहिले.

"हलू नकोस."

"मी कुठे हलतेय? फूल हलतंय."

"तुझा श्वास लागतोय त्याला."

तेहतीस वर्षांच्या संसारात माझ्या श्वासाबद्दल आलेली ही पहिली तक्रार.

हळूहळू मलाही त्यातलं कळायला लागलं. इतक्या जवळून फोटो काढला की एका पाकळीची कड तेवढी स्पष्ट येते, बाकी सगळं धूसर. म्हणून एकाच फुलाचे वीस-बावीस फोटो काढायचे, दर वेळी लेन्स केसभर पुढे सरकवायची, आणि मग संगणकावर ते सगळे एकावर एक रचायचे, म्हणजे अख्खं फूल लख्ख दिसतं. हे बावीस फोटो होईपर्यंत वाऱ्याने, मुंग्यांनी आणि बायकोने जागचं हलायचं नाही. दव पडलं नसेल तर बाटलीतून फवारायचं. पाण्याचे थेंब ओघळतात म्हणून त्यात ग्लिसरीन घालायचं. एकदा फवाऱ्याचा नेम चुकला आणि मी अर्धा दिवस चिकट हातांनी फिरत होते.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर संगणक उघडायचा. तिथे ते फूल इतकं मोठं करत, की ते फूल आहे की आमची पलंगावरची चादर हे सांगता येऊ नये. मग एकेक डाग शोधून माउसने टिपायचा. परागाचा कण पडलाय, टक. कोळ्याचा धागा, टक. किड्याने कड कुरतडली असेल तर शेजारच्या पाकळीचा तुकडा उचलून तिथे बेमालूम बसवायचा.

"बघ, आता कसं नवंकोरं दिसतंय!"

"अहो, उद्या ते कुरतडणारा किडा तुमच्याकडे तक्रार घेऊन येईल. जेवण कुठे गेलं म्हणेल."

मी चेष्टा करायची, पण खरं सांगते, मला बरं वाटत होतं. सात वर्षं मी त्या बागेत एकटीच वाकून असायची. आता शेजारी कोणीतरी गुडघे टेकून बसलेलं असायचं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नव्हती. कोणालाच सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी भिंतीजवळच्या एका रोपाला फूल आलं. सायीच्या रंगाचं, मध्यम आकाराचं, वरवर बघितलं तर अगदी साधं. पण त्याच्या प्रत्येक पाकळीवर तांबडे ठिपके होते, खसखशीएवढे, देठाकडून टोकापर्यंत ओळीने गेलेले. चार हातांवरून दिसतच नाहीत, नाक लावलं तरच दिसतात. डेलियावर रेघा असतात, रंगीत कडा असतात, फटकारे असतात. असे ओळीत बसलेले ठिपके मी कुठल्याच यादीत पाहिले नव्हते. पहिल्या वर्षी वाटलं, रोग असेल. कंद जपून ठेवला, दुसऱ्या वर्षी लावला, ठिपके पुन्हा आले. यंदा तिसऱ्यांदा आले, तेव्हा माझी खात्री पटली. तरी तोंडातून शब्द काढला नाही. बोललं की बिघडतं, अशी माझी एक खुळी समजूत आहे.

फुलांच्या हौशी लोकांचा एक पुष्पसंघ आहे. आपलं नवं फूल त्यांच्याकडे पाठवायचं, आणि त्यांच्या जाणकारांना पटलं तर ते नोंदवहीत येतं. एक पान, त्यावर फोटो, आणि खाली 'हे फूल कोणी तयार केले' या ओळीपुढे आपलं नाव. बक्षीस-बिक्षीस काही नाही. पण माझं नाव आजवर छापून आलं होतं ते लग्नाच्या पत्रिकेत, तेही ह्यांच्या नावाखाली. मला ते पान हवं होतं. फार हवं होतं.

अर्जात 'फुलाचे वेगळेपण' असा रकाना होता. मी त्यात लिहिलं, 'सोबतचा फोटो पाहावा.' शब्दांत लिहिले तर ते ठिपके किरकोळ वाटले असते, आणि एकदम डोळ्यांना दिसले तर संघवाले चाट पडतील, असा माझा हिशेब. ह्यांना म्हटलं, "ह्या फुलाचा फोटो असा काढा, की जन्मात तसा काढला नसेल."

चूक झाली ती इथे. ह्या माणसाला असं सांगायचं नसतं.

तीन संध्याकाळी ते संगणकापुढे बसले होते. टक, टक, टक. मी समोर बसून बियांच्या पुड्या बांधत होते.

"झालं का?"

"थांब, अजून दोनशे राहिलेत."

"दोनशे काय?"

"तुला नाही कळायचं. बारीक काम आहे."

मी मनात म्हटलं, काय जीव ओततोय हा माणूस माझ्यासाठी! उठून आल्याचा चहा करून दिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोटो मला न दाखवताच पाठवून दिला. "नोंदवहीत छापून आला की मगच बघायचा," म्हणाले. मीही लाजले वगैरे. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

बारा दिवसांनी पुष्पसंघाचं पत्र आलं. पाठवलेला फोटो त्यांनी कागदावर छापून परत जोडला होता. पत्रात लिहिलं होतं, 'फूल नीटनेटके आहे. परंतु फिक्या सायीच्या रंगाचे चव्वेचाळीस डेलिया नोंदवहीत आधीच आहेत. यात नवीन काय, ते समजू शकले नाही.'

मी फोटो बघितला. पुन्हा बघितला. खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितला.

"अहो, ठिपके कुठे गेले?"

"कसले?"

"पाकळ्यांवरचे."

"ते होय!" त्यांचा चेहरा उजळला. "काढले. तीनशे अठरा होते, मोजून. तुझ्या झाडावर बहुतेक तांबेऱ्याचा रोग पडलाय. म्हटलं, घरातलं घरात. चारचौघांना कशाला दाखवा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी ओरडले नाही. मागच्या दाराने बागेत गेले आणि गवत उपटायला लागले. गवत संपल्यावर जे गवत नव्हतं त्यातलंही थोडं उपटलं. मग आत येऊन त्यांना सगळं सांगितलं. तीन वर्षं, तेच ठिपके, तेच नवं, त्यासाठीच अर्ज. सांगताना आवाज चढत गेला असावा, कारण शेजारची खिडकी लागल्याचं ऐकू आलं.

हे हातातला चष्मा पुसत होते, पुसलेलाच पुन्हा पुसत होते.

"मला वाटलं, मी मदत करतोय," ते म्हणाले.

"तुम्ही बघता कुठे काही? तुम्ही फक्त डाग शोधता!"

हे वाक्य त्यांना लागलं. मला कळलं लागलं ते, आणि तेव्हा लागावं असंच मला वाटत होतं. त्या दिवसापासून मी बोलणं बंद केलं.

त्यांनी मला न विचारता साफ न केलेला फोटो संघाला पाठवला आणि सोबत चार पानी पत्र लिहिलं. चूक कशी झाली हे लिहिताना त्या पत्रात आपली पस्तीस वर्षांची कारकीर्दही सविस्तर घातली. उत्तर आलं ते थेट संघाच्या निरीक्षक बाईंच्या सहीचं. 'एकाच फुलाचे दोन फोटो मिळाले. एकात ठिपके आहेत, एकात नाहीत. आपण फिल्मवर ब्रशने काम करण्यात पटाईत आहात असे आपणच कळवले आहे. त्यामुळे ठिपके पुसले की रंगवले, हे फोटोवरून ठरवता येत नाही. गुरुवारी सकाळी दहा वाजता झाड पाहण्यास येत आहे. फुलावर बनवाबनवी आढळल्यास अर्जदाराचे नाव कायमचे बाद होईल.'

अर्जदार म्हणजे मी. फोटो ह्यांचा, पत्र ह्यांचं, कारकीर्द ह्यांची, आणि बाद व्हायचं मी.

बहर संपत आला होता. त्या झाडावर एकच कळी उरली होती. बाकीची फुलं कधीच गळून गेली होती. हे त्या कळीच्या राखणीला बसले. फोटो काढताना डोक्यावर धरायची त्यांची एक मोठी पांढरी छत्री होती, ती काठीला बांधून कळीवर उभी केली. खुर्ची टाकून शेजारी बसायचे, माशी आली तर हाकलायचे, दिवसातून चारदा फोटो काढून कळी किती उघडली ते बघायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं बघत होते. विचारावं असं मनात येई, पण मी बोलत नव्हते ना. माझा अबोला म्हणजे अबोला.

गुरुवारी उजाडताच मी बागेत गेले. फूल उमललं होतं. मी छत्रीखाली वाकले आणि पायाखालची जमीनच सरकली. वरपासून मधल्या पाकळ्यांपर्यंत नुसती साय. एकही ठिपका नाही.

म्हणजे तो रोगच होता का? तीन वर्षं मी एका रोगाला कुरवाळत बसले होते? दहा वाजता त्या बाई येणार, हे साधं फूल बघणार, आणि ठिपक्यांचा फोटो खोटा ठरवून माझं नाव कायमचं खोडणार. मी आत गेले. ह्यांच्या खणातून त्यांचा सगळ्यात बारीक ब्रश घेतला, तांबड्या शाईची दौत घेतली. ठिपके खरेच होते, मी फक्त ते जागच्या जागी परत ठेवते आहे, असं स्वतःला बजावत पुन्हा छत्रीखाली बसले आणि बाहेरच्या ओळीतल्या उजवीकडच्या पाकळीवर एक ठिपका काढला. बरा जमला.

"अगं!"

मागे हे. गळ्यात कॅमेरा, अंगात झोपेचा सदरा. सकाळचा फोटो काढायला आले होते.

माझ्या हातात ब्रश. लपवायला जागा नाही.

"मी पुसतो, तू काढतेस," ते म्हणाले. "ह्या फुलाचं स्वतःचं असं काही राहणार आहे की नाही?"

मी हसायला गेले आणि रडायलाच लागले. ते बाजूला ओल्या मातीत तसेच बसले, सदऱ्याचा विचार न करता. फुलाकडे बघितलं आणि त्यांच्याही तोंडचं पाणी पळालं.

"ही पाकळी खुडूया का?" मी म्हटलं.

"फट दिसेल. पहिल्यांदा तीच विचारतील." मग माझ्या हातातला ब्रश त्यांनी अलगद काढून घेतला, टोक बोटावर फिरवून बघितलं. "तुझ्याच्याने नाही व्हायचं. माझ्याच्याने होईल. तीनशे अठरा. कुठे कुठे होते ते मला सगळे पाठ आहेत. दहाच्या आत करून देतो, आणि त्या बाईंना कितीही मोठं भिंग आणू दे, कळणार नाही."

ते बढाई मारत नव्हते. त्यांनी मनात आणलं असतं तर ते झालंच असतं.

"तू सांगशील तसं," ते म्हणाले.

ते पान डोळ्यांपुढे येत होतं. पण तीनशे अठरा ठिपके ह्यांनी रंगवले की ते फूल ह्यांचं झालं. मग त्याच्याखाली माझं नाव कसलं लावायचं?

"नको," मी म्हटलं. "ठेवा तो ब्रश आत."

दहाला पाच कमी असताना निरीक्षक बाई आल्या. बुटक्या, पायात मळलेले बूट, गळ्यात दोरीला भिंग. चहा नको म्हणाल्या, पाणीही नको म्हणाल्या. थेट झाडापाशी गेल्या. छत्रीखाली वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"हा एक ठिपका दिसतोय," त्या म्हणाल्या. भिंग नेमकं माझ्या पाकळीवर.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते तिथे नव्हतेच. म्हणजे होते, पण झाडाच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला आडवे झाले होते, कॅमेऱ्याला डोळा लावून. आयुष्याचा निकाल लागत असताना ह्यांना फोटो सुचत होता.

"तो मी काढलाय," मी म्हटलं. "आज सकाळी. तांबड्या शाईने."

बाई सरळ उभ्या राहिल्या.

"हे ऐकल्यावर मला तुमचं नाव बाद करावं लागेल. कळतंय ना?"

"कळतंय."

त्यांनी फाईल उघडली, पेनाचं टोपण काढलं. सात वर्षं एका ठिपक्यापायी जाताना मी समोर उभी राहून बघत होते.

"बाई, एक मिनिट हं," जमिनीवरून आवाज आला. "इथे खाली सत्तावीस आहेत."

"काय सत्तावीस?"

"ठिपके. अगदी फिकट आहेत. नुसत्या डोळ्यांनी नाही दिसायचे."

त्यांनी पडल्या पडल्याच कॅमेरा वर धरला. पडद्यावर पाकळी ताटाएवढी मोठी केलेली. मला काही दिसेना. बाईंनाही दिसेना. मग ह्यांनी नखाने दाखवलं, इथे, इथे आणि इथे, आणि मला दिसले. ओळीने चाललेले, अजून नीट रंगही न भरलेले. फुलाच्या खालच्या अंगाला, भिंतीकडच्या चार पाकळ्यांवर.

बाई फाईल खाली ठेवून मातीत गुडघ्यांवर बसल्या. भिंग लावलं. एक पाकळी, दुसरी, तिसरी. मग उठून वर आकाशाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं.

"ही छत्री कोणी लावली?"

"मी," हे म्हणाले. "ऊन लागू नये म्हणून. चार दिवस अजिबात हलवली नाही."

"सकाळचं ऊन भिंतीवरून तिरकं येतं. छत्रीखालून ते ह्या चारच पाकळ्यांवर पोचलंय. आणि ठिपके आहेत तेही ह्या चारच पाकळ्यांवर." बाईंनी भिंग खाली सोडलं. "ब्रशने काढणारा माणूस असे सावलीला धरून काढत नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, म्हणजे तुम्ही पुन्हा पुसलेत!"

"आता मी हातसुद्धा लावला नव्हता," ते कळवळून म्हणाले.

बाईंच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "तुमच्या दोघांच्या तावडीत सापडूनही हे फूल अजून जिवंत आहे हेच नवल. आपणहून कबूल केलंत, म्हणून नाव आज बाद करत नाही. छत्री काढा. मी शनिवारी येते. तोवर ह्याला कोणीही काहीही करायचं नाही. ब्रश नाही, बाटली नाही, चिमटे नाहीत. नुसतं ऊन."

ते दोन दिवस आम्ही दोघं लांबच्या पायरीवर बसून काढले. हात मांडीवर ठेवून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. अबोला कधी संपला ते लक्षातही आलं नाही. शुक्रवारी दुपारी वरच्या पाकळ्यांवर तांबूस टोचे दिसायला लागले. ते मला आधी दिसले नाहीत, ह्यांना दिसले. हात मागे बांधून फुलाशी वाकलो तेव्हा, चष्म्याशिवाय. पस्तीस वर्षं ज्या नजरेने ठिपके टिपून मारले, त्या नजरेने ते आता एकेक करून मला दाखवत होते. "तो बघ. आणि तो. अगं, डावीकडे बघ ना!" मला आनंद झाला. ठिपक्यांचा झालाच, पण ह्यांच्या आवाजाचा जास्त झाला.

शनिवारी बाईंनी एकेका पाकळीवर भिंग फिरवलं, तीन पाकळ्यांच्या मागच्या बाजू बघितल्या, एक ठिपका ओल्या कापसाने चोळून बघितला. तो गेला नाही. माझ्या ठिपक्याला टेकवलेला कापूस मात्र तांबडा झाला. मग त्यांनी ह्यांना समोर बसवून फोटो काढायला लावले आणि कॅमेऱ्यातलं कार्ड तिथेच काढून स्वतःच्या पाकिटात घातलं.

"रचायचं काम आम्ही करू," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त काढलेत तेवढं पुरे."

"बाई," हे दाराशी त्यांना अडवून म्हणाले, "तो एक शाईचा ठिपका आहे ना, तेवढा काढू द्याल? एक टक. अर्ध्या सेकंदाचं काम आहे."

"नाही."

"छापून येईल हो तो!"

"येऊ दे. फूल जसं होतं तसं छापायचं, असा नियम आहे. खाली मी टीप घालते."

बाई गेल्या. हे त्या दिवशी नीट जेवले नाहीत. आपल्या हातून गेलेल्या फोटोत खोटा ठिपका राहणार, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. मी चिडवलं, "पस्तीस वर्षांत पहिला!" त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढचं बोलणं गिळलं.

नोंदवही आली तेव्हा मी कंद काढून पेटीत भरत होते. हे पाकीट फोडून माझ्याआधीच टेबलापाशी बसले होते. सव्विसाव्या पानावर फूल होतं, मोठं, लख्ख, प्रत्येक पाकळी ठिपक्यांनी भरलेली. खाली बारीक अक्षरांत टीप होती, 'बाहेरच्या ओळीत उजवीकडील एक ठिपका शाईचा आहे. तो मोजू नये.' ह्यांनी छापखान्यातलं जुनं भिंग काढलं आणि पानावर ठेवून वाकले. इंच इंच सरकत होते. मी मातीचे हात पदराला पुसत मागे उभी राहिले. आता हे कुरकुर करणार, संघाला पत्र लिहितो म्हणणार, याची मला खात्री होती.

"काय शोधताय?"

"तुझा."

"सापडला?"

"मघाशीच." भिंग हललं नाही. "बाकीचे सगळे वेडेवाकडे आहेत गं. लांबट, कुठे फुटलेले. तुझा तेवढा गोल आलाय." मग छापखान्यात नवीन माणसाचं काम तपासून झाल्यावर म्हणत असतील तसं म्हणाले, "हात चांगला आहे तुझा."

त्यांनी खुर्ची सरकवून मला भिंगापाशी जागा करून दिली. मीही वाकले. सात वर्षं जे नाव छापून यावं म्हणून मरत होते, ते त्याच पानावर जाड अक्षरांत होतं. ते मी नंतर वाचलं.